प्रतिसरकारच्या दारात बाईची फिर्याद

कराड तालुक्यात तारळी नदी कृष्णेला मिळते, तिथं उंब्रज वसलं आहे. जवळच इंदोली. १९४२च्या आंदोलनात या इंदोलीची इंदुमती निकम नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी घर सोडून चळवळीत उतरली. कासेगावच्या बाबूजी पाटणकरांशी लग्न झाल्यावर ती इंदुताई पाटणकर म्हणून ओळखली जाऊ लागली. सातारच्या प्रतिसरकारचा इतिहास तिच्यापासून सांगायला घेतला, की वेगळेच प्रश्न समोर येतात.

१९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, इंग्रजांचा अंमल बऱ्याच गावांत कागदापुरताच उरला होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं चालणाऱ्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगाव तंटे सोडवत. दारूबंदी होती, सावकारांवर वचक होता, लग्नं कमी खर्चात लागत. बाईवर अत्याचार करणाऱ्याला शिक्षा होई. ज्या काळात बाईला फौजदाराच्या दारात उभं राहायचीही भीती वाटे, त्या काळात तिची तक्रार गावात, गावच्याच भाषेत ऐकली जात होती. ही गोष्ट मला प्रतिसरकारच्या गाजलेल्या शेणोलीच्या रेल्वे लुटीइतकीच मोठी वाटते. पण निवाडा करणारे बहुतेक पुरुषच होते आणि शिक्षाही कठोर असत, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

नाना पाटलांची मुलगी हौसाबाई यांची एक आठवण या संदर्भात महत्त्वाची आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग रचलं गेलं. ‘बायको’ झालेल्या हौसाबाईंनी खराखुरा मार खाल्ला. पोलीस मध्ये पडायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका लांबवल्या. बायकोला रस्त्यात मारणारा नवरा हे दृश्य इतकं रोजचं होतं, की कुणाला संशयच आला नाही. हौसाबाईंच्या धैर्याला तोड नाही, पण ज्या अन्यायाचं सोंग घेतलं, तो अन्याय स्वातंत्र्यानंतरही घराघरांत तसाच राहिला.

पुढं न्यायदान मंडळं संपली. १९७२मध्ये केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना आली. तिला तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागे. रात्री-अपरात्री भाकऱ्या थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बाईनं तो कुठून आणायचा? खुद्द इंदुताईंच्या वाट्यालाही सोपं आयुष्य आलं नाही : त्यांच्या नवऱ्याचा १९५२मध्ये खून झाला. त्यांनी शाळेत शिकवून घर चालवलं.

त्यांच्या घरी सून म्हणून आल्या गेल ऑम्व्हेट. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या गेल यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करून १९७३मध्ये बर्कली विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. १९७६मध्ये भारत पाटणकरांशी लग्न करून त्या कासेगावच्या झाल्या आणि २०२१मध्ये तिथंच गेल्या. प्रतिसरकारवर त्यांनी अभ्यासपूर्वक लिहिलं. सासू-सुनेनं मिळून स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. मागण्या अगदी साध्या होत्या : स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड, राहायला जागा, कसायला जमीन. न्यायदान मंडळांबरोबर बंद झालेली सुनावणी मला इथं पुन्हा सुरू झालेली दिसते.

बाईची स्वतःची साक्ष मागं राहणं फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. तिथं आलेल्या बायका नवऱ्यांवर, मुलांवर काय गुदरलं ते सांगत आणि स्वतःबद्दल गप्प राहत. म्हणून १९९६ आणि १९९७मध्ये बायकांसाठी खास सुनावण्या घ्याव्या लागल्या. आपल्याकडच्या आठवणींतही बाई भूमिगतांना जेवू घालताना दिसते. तिची स्वतःची फिर्याद काय होती, ती मंडळापुढं गेली का, निकालानंतर ती नांदली की माहेरी परतली, हे फारसं कुणी विचारलेलं नाही.

इंदुताई २०१७मध्ये गेल्या, हौसाबाई २०२१मध्ये. आता साक्ष उरली आहे ती लेकी-सुनांच्या कानावर पडलेल्या गोष्टींत आणि घरोघरच्या ट्रंकांतल्या कागदांत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांनी उंब्रज, इंदोली, कासेगाव, कुंडलसारख्या गावांतल्या घरांत जाऊन हे विचारावं. आणि वाचकहो, तुमच्या घरात अशी एखादी चिठ्ठी, निवाड्याचा कागद किंवा आजीनं सांगितलेली हकीकत असेल, तर ती या दिवाळीतच तारीख, गाव आणि तिच्या नावासकट लिहून काढा.