सातबाऱ्यातले पूर्वज

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या एखाद्या घराला आपली वंशावळ पणजोबांच्या मागे न्यायची झाली, की शोध आडनावापासून सुरू होतो. अभिलेख कक्षात जुन्या कागदांचे रुमाल सोडले जातात आणि बघणारा पानापानावर जाधव, शिंदे, पाटील शोधत बसतो. एक तर काहीच सापडत नाही, नाहीतर नको तितकं सापडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात हा शोध घराघरांत पोचला. कुणबी नोंद आहे की नाही, यावर मुलांचं शिक्षण आणि नोकरी ठरणार असल्यानं त्याला निकड आली. आरक्षणाच्या वादात इथं शिरायचं नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. निजामी मुलखातल्या कागदांत सामान्य शेतकरी आडनावानं ओळखला जात नव्हता. बापाचं नाव, गाव आणि जमीन ही त्याची ओळख होती. म्हणून शोधही त्याच क्रमानं व्हायला हवा: आधी गाव, मग सर्वे नंबर, मग वारसांची साखळी, आणि आडनाव सर्वांत शेवटी.

जुन्या नोंदीत ‘रामा वल्द धोंडिबा’, म्हणजे धोंडिबाचा मुलगा रामा, असं नाव असतं, पुढे गाव असतं, कधी जात असते आणि तिथंच ओळ संपते. आडनाव बऱ्याच घरांना पहिल्यांदा पक्कं चिकटलं ते शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत. मास्तरांनी विचारलं, बापानं सांगितलं किंवा मास्तरांनीच सुचवलं, आणि ते पुढच्या सगळ्या पिढ्यांचं झालं. जन्मतारखेच्या रकान्यात ज्या हातानं सरसकट एक जून लिहिलं, त्याच हातानं आडनावही लिहिलेलं आहे, हे विसरू नये. दोन सख्ख्या भावांपैकी एक पाटील आणि दुसरा जाधव लागला, तर त्यात खोटेपणा असतोच असं नाही. एकानं वतनाचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं कुळीचं. ‘कर’ लागलेलं आडनाव तर सहसा गाव सोडल्यावरच मिळतं. मुखेडमध्ये राहणाऱ्याला मुखेडकर कोण म्हणेल? देगलूरकर घराणं मुखेडला असेल, तर ते कधीतरी देगलूरहून निघालं एवढंच त्यातून कळतं; त्याआधी ते कुठं होतं, याचा पत्ता नाही. भाषेच्या सीमेवरचा मुलूख असल्यानं तेलुगू वळणाची ‘वार’ लागणारी आडनावं आणि कानडी वळणाची ‘अप्पा’ लागणारी नावं एकाच गल्लीत भेटतात. तांड्यावर जावं तर राठोड, चव्हाण, पवार, जाधव या चार नावांत जवळजवळ सगळा तांडा बसतो. माणसं वेगळी काढण्यासाठी आडनाव असतं, आणि इथं नेमकं तेच काम त्याला जमत नाही.

यावर कुणी म्हणेल की आडनाव सोडा, नुसत्या नावांची साखळी लावा. बाप-आजा-पणजा अशी नावं मिळाली की झालं. पण नावं ठेवण्याच्या आपल्या रीतीतच मोठी फसगत आहे. नातवाला आजोबांचं नाव देतात. त्यामुळे धोंडिबाचा मुलगा रामा, रामाचा मुलगा धोंडिबा, त्याचा मुलगा पुन्हा रामा, अशी आळीपाळीनं तीच दोन नावं शंभर वर्षं चालतात. ‘रामा वल्द धोंडिबा’ ही नोंद मग नेमकी कुणाची? आजोबाची की नातवाची? दोन पिढ्या गाळून कागद जोडला, तरी वंशावळ दिसायला निर्दोष दिसते. त्यात गावात चुलत घराण्यांनीही एकाच मूळ पुरुषाचं नाव पुन्हा ठेवलेलं असतं, म्हणजे एकाच वर्षी दोन रामा वल्द धोंडिबा जिवंत असू शकतात. या दोघांना वेगळं करणारी गोष्ट एकच: कोणाच्या नावे कोणता सर्वे नंबर, किती एकर, आणि शेजारी कोण. चतु:सीमेतला शेजारी सहसा एकदम बदलत नाही. पूर्वेला ज्याचं शेत आहे त्याचा मुलगा पुढच्या कागदात पूर्वेलाच दिसतो, आणि त्यावरून आपला रामा कोणता ते ठरतं.

लिपीचं म्हणाल, तर हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूनं घेतली, आणि तालुका-जिल्ह्याचे कागद उर्दूत गेले. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते गळतात. ‘शीन’चे तीन नुक्ते गेले की शिंदे सिंदे होतात. ‘काफ’ आणि ‘गाफ’ यांत फरक एका आडव्या रेघेचा, म्हणून गंगाचं कंका वाचलं जातं. ळ आणि ण यांना उर्दूत अक्षरच नाही. काळे काले होतात. ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत, ते वाचणाऱ्यानं भरायचे असतात. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. आडनाव डोक्यात धरून बसलेला वाचक अशा ओळीत हवं ते वाचतो. डोळ्यांपेक्षा इच्छा आधी धावते. आकडे मात्र इतकी मोकळीक देत नाहीत. सर्वे नंबर, क्षेत्र, आकार हे एका कागदातून दुसऱ्यात ताडून बघता येतात. त्यासाठी सनाचा हिशेब नीट हवा. दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण ते वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतं. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ला सुरू होऊन हैदराबादवरच्या पोलीस कारवाईच्या सप्टेंबर १९४८ पर्यंत येतं. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते. मृत्यू आणि फेरफार यांचा क्रम उलटा लागायला मात्र ती पुरेशी असते.

खरी श्रीमंती फेरफारात आहे. सातबारा हा निकाल आहे. तो कसा लागला ते फेरफार सांगतो. शिंदे समितीच्या कामात जे दस्त तपासले गेले त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळेच्या नोंदवह्या, अगदी पोलिसांची आणि तुरुंगाची जुनी रजिस्टरंही होती. यांतली बहुतेक कागदपत्रं एका दिवसाचं, एका माणसाचं चित्र देतात. वारसाचा फेरफार दोन पिढ्या एका ओळीत बांधतो: अमुक मयत, त्याचे वारस मुलगे तीन, पत्नी एक, पैकी धाकटा अज्ञान. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव येतं. या तीन अक्षरांतून किती कळतं बघा. बाप तरुणपणी गेला, मुलगा लहान होता, आई हयात होती आणि घराचा व्यवहार तिच्या हाती होता. घरातल्या म्हाताऱ्यांनाही जे आठवत नाही ते तलाठ्यानं अर्ध्या ओळीत नोंदवून ठेवलेलं असतं. वतनदार आणि इनामदार घराण्यांचं नशीब आणखी चांगलं. इनामाच्या चौकशीत मुंतखब, म्हणजे निर्णयाचे दाखले, निघाले, त्यांत हिस्सेदार आणि वारस तपासून लिहिलेले असतात. १८६० च्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांनी देशमुख-देशपांड्यांकडून वसुली काढून घेऊन त्यांना रोख रुसूम, म्हणजे हक्काची रक्कम, बांधून दिला. रुसूम कोणाला मिळावा याच्या तंट्यातूनही वंशावळी कागदावर आल्या.

जमिनीला धरून जायचं तर जमीन ज्या सरहद्दीत होती ती सरहद्दच बदलली, ही मोठी अडचण खरीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. त्याआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तेलुगू मुलखात गेली, मुधोळ आणि भैंसाही नांदेडकडून गेले. उदगीरची माणसं मग उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आली. म्हणजे मुखेडच्या एका घराचे सोयरे आज तीन राज्यांच्या अभिलेखांत विखुरलेले आहेत, आणि हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारापर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते. ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तिथं सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. पण या बदलांचा प्रत्येक टप्पा सरकारनं अधिसूचनेनं किंवा जुळवणीच्या तक्त्यानं नोंदवलेला आहे. आडनाव कधी बदललं, याची अशी अधिसूचना कुणाकडेही नाही. गावच धरणात गेलं तर? मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पानं हा प्रश्न प्रत्यक्ष उभा केला आहे. तिथंही उत्तर जमिनीकडेच जातं. भूसंपादनाच्या निवाड्यात मोबदल्यासाठी एकेका गटाचे सगळे हिस्सेदार नावानिशी येतात, कारण सुटलेला हिस्सेदार भांडतो. गाव उठलं तरी त्याचा निवाडा मागे राहतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो टाळून चालणार नाही: ज्यांना जमीनच नव्हती त्यांचं काय? शेतमजूर, बटईदार, बलुतेदार, तांड्यावरचे लोक यांना सातबारा काय सांगणार? पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण शोधाचा क्रम तोच राहतो असं माझं मत आहे. जमीन नसेल तर गाव आणि गावातलं काम धरायचं. कुळ नोंदवहीत कसणारा दिसतो. महारकीच्या इनामाची नोंद असेल तर हिस्से दिसतात. कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत वस्ती दिसते, आणि तांडा नायकाच्या नावानं ओळखला जातो. कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंही भूमिहीन आणि बटईदारांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र मान्य केलं. म्हणजे सरकारलाही शेवटी ठिकाणच धरावं लागलं. त्याच निर्णयानं ज्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला, त्यात जातवार आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. जात त्या मुलखात होती हे गॅझेटियरवरून सांगता येईल, तुमचा पणजा कोण हे नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या नावं देतात, कधी पूर्वजाची सहीसुद्धा देतात, आणि त्या मोलाच्या आहेत. पण यात्रेला जाणं ज्यांना परवडलं त्यांच्याच त्या आहेत.

‘आपल्याकडे चर्चसारखी नोंद असती तर ही वेळ आली नसती’ असंही म्हणतात. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं विवाहांची नोंद पाद्रींवर बंधनकारक केली आणि बाप्तिस्म्याच्या वह्याही नियमात बांधल्या. गोव्याला त्याचा लाभ झाला. पण तिथं बाप्तिस्म्यासोबत पोर्तुगीज आडनावं आली आणि वाड्याचे वाडे फर्नांडिस किंवा डिसोझा झाले. शिवाय वाळवी आणि दमट हवेनं वह्यांचे तुकडे पडले. अशा वेळी गोव्यातही आधार मिळतो तो कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकरीच्या वह्यांचा, गावकरांच्या वांगडांचा (कुळांचा). म्हणजे पुन्हा गावाच्या सामाईक जमिनीचा.

बायकांची नावं या सगळ्यात कुठं आहेत, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वंशावळीच्या नमुन्यात त्या नसतात. लग्नात नाव बदललं की माहेरची गंगा सासरी लक्ष्मीबाई होते आणि ‘जौजे अमुक’, म्हणजे अमुकची बायको, एवढ्यावर संपते. इथंही जमीनच तिला परत आणते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या फेरफारांत मुली वारस म्हणून येऊ लागल्या, आणि भावांच्या नावे जमीन करण्यासाठी हक्कसोडपत्रं होऊ लागली. त्या दस्तात बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि सासरचं गाव लिहावंच लागतं. हक्क सोडताना का होईना, ती कागदावर येते, आणि तिच्यामुळे उदगीरचं किंवा जुक्कलचं एक घराणं मुखेडच्या घराण्याला जोडलं जातं.

म्हणून जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंगबद्दल एक आग्रह धरावासा वाटतो. पानांची सूची आडनावावर किंवा जातीच्या शब्दावर करू नये. ती गाव, सर्वे नंबर आणि फसली सनावर करावी. नाव जसं लिहिलं आहे तसंच टिपावं, सिंदे असेल तर सिंदेच, आणि वाचनाचा अंदाज वेगळ्या रकान्यात द्यावा. वंशावळीत जिथं कागद नाही तिथं जागा मोकळी सोडावी. लाभाच्या आशेनं ती भरली जाते, खाडाखोड होते, आणि मग जात पडताळणीच्या दक्षता पथकाच्या चौकशीत खरी साखळीसुद्धा संशयात सापडते. शिकस्ता उर्दू आणि मोडी दोन्ही वाचू शकणारी माणसं जिल्ह्यात थोडी उरली आहेत. तरुणांना या लिप्या शिकवण्याचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणी, मुखेडला आणि देगलूरलाच भरायला हवेत, कारण गावांची नावं, शिवारांची नावं आणि कोणाचा बांध कोणाला लागून आहे हे तिथल्याच मुलांना माहीत असतं.