मंगळाच्या वाटेवरचं वालचंदनगर

काटेवाडी सोडून इंदापूरच्या दिशेनं निघालं की भवानीनगरचा छत्रपती कारखाना, सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावं लागतात. तुकोबांच्या पालखीची ही वाट. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्यांचं. लासुर्ण्याच्या पुढं ‘जंक्शन’ नावाचंच गाव आहे. तिथून एक रस्ता वालचंदनगरला जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मागं नीरा नदी आणि मधोमध इस्रोच्या रॉकेटचे भाग घडवणारा कारखाना. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून मंगळयान घेऊन निघालेल्या पीएसएलव्ही-सी२५ या रॉकेटसाठीही इथून भाग गेले होते.

सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथल्याच कळंब गावच्या माळरानावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. उसाच्या पाठोपाठ यंत्रं आली, मग साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं इथंच बनू लागली. पुढं सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री, बॉयलर, नौदलासाठी गिअरबॉक्स, अणुभट्ट्यांचे भाग असा व्याप वाढत गेला. १९७३ पासून कारखाना इस्रोशी जोडला गेला. याच वालचंदशेठनी १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तीच आजची एचएएल, आणि मंगळयानाचा सांगाडा तिनेच इस्रोला बनवून दिला. म्हणजे यानाचा सांगाडा आणि त्याला उचलणाऱ्या रॉकेटचे भाग, दोन्हींची मुळं एकाच माणसाच्या उद्योगात सापडतात.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा सुमारे २० मीटर उंच आणि २.८ मीटर व्यासाचा असतो. त्यात जवळपास १३९ टन घन इंधन भरतात. हे इंधन जळताना होणारा दाब आणि उष्णता झेलणारं पोलादी कवच म्हणजे मोटर केसिंग. ते अखंड नसतं, पाच खंड जोडून बनतं. त्यासाठी मॅरेजिंग पोलाद वापरतात. यात निकेल सुमारे १८ टक्के आणि कार्बन अगदी नावाला. पत्रा वाकवून कडं करायचं, वेल्डिंग करायचं, प्रत्येक जोड तपासायचा, भट्टीत ठरलेल्या तापमानाला मुरवून ताकद आणायची आणि शेवटी आत दाब देऊन पाहायचं. भिंत जाड केली तर वजन वाढतं, रॉकेट तेवढा कमी भार उचलतं. पातळ ठेवली तर वेल्डिंगमधला केसाएवढा दोषही चालत नाही. वालचंदनगर आणि लार्सन अँड टुब्रो यांनी हे काम अंगवळणी पाडलं.

पण मंगळाला जायचं तर पीएसएलव्हीच का? खरं तर जास्त ताकदीचं जीएसएलव्ही हवं होतं. ते २०१० मध्ये एप्रिल आणि डिसेंबर असं दोनदा कोसळलं. मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी येते. नोव्हेंबर २०१३ हुकला असता तर थेट २०१६ ची वाट पाहावी लागली असती. केंद्र सरकारनं मंजुरी दिली ती ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे हातात जेमतेम पंधरा महिने. के. राधाकृष्णन तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते. नव्या रॉकेटची वाट न पाहता आधी अनेक उड्डाणं केलेलं रॉकेट घ्यायचं, असं ठरलं.

त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागली. पीएसएलव्ही यानाला थेट मंगळाच्या दिशेनं फेकू शकत नव्हतं. त्यानं यान सुमारे २४८ बाय २३,५५० किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडलं. शेतात राखण करणारा गोफण गरगरवून मगच धोंडा सोडतो, तसं यान पृथ्वीभोवती फिरत राहिलं. दर वेळी पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन पेटवायचं आणि कक्षा लांबवायची. ११ नोव्हेंबरच्या फेरीत इंधनाच्या झडपेची मूळ आणि राखीव अशी दोन्ही विद्युत वेटोळी एकदम चालवून पाहिली, तेव्हा इंधनाचा प्रवाहच थांबला आणि वेग अपुरा पडला. दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढली. यान पृथ्वीजवळ होतं म्हणूनच हे जमलं. १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर सुमारे २२ मिनिटं इंजिन चाललं आणि यान मंगळाच्या वाटेला लागलं.

वजनाचा हिशेबही तसाच कडक होता. १,३३७ किलोच्या यानात ८५२ किलो इंधनच होतं. उपकरणं पाच, सगळी मिळून जेमतेम पंधरा किलो. त्याच महिन्यात निघालेलं अमेरिकेचं ‘मेव्हन’ जवळपास अडीच टनांचं होतं, आणि ॲटलस रॉकेटनं ते थेट मार्गी लावलं. ते मंगळयानाच्या दोनच दिवस आधी पोहोचलं.

खरी कसोटी २४ सप्टेंबर २०१४ ला होती. जवळपास तीनशे दिवस बंद असलेलं मुख्य इंजिन सुरू व्हायला हवं होतं. संदेश पोहोचायलाच साडेबारा मिनिटं लागत होती, त्यामुळे सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. दोन दिवस अगोदर चार सेकंदांची चाचणी झाली. मुख्य इंजिन रुसलंच तर आठ लहान इंजिनांवर भागवायची तयारी होती. ती वेळ आली नाही. सुमारे २३ मिनिटं इंजिन चाललं आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत जाणारा भारत हा पहिला देश ठरला. जपानचं ‘नोझोमी’ आणि चीनचं ‘यिंगहुओ’ यांना ते साधलं नव्हतं.

मोहिमेत उणं काहीच नव्हतं असं नाही. मिथेन शोधणाऱ्या उपकरणाची रचना त्या कामाला पुरेशी ठरली नाही, त्याचा उपयोग मंगळाचा पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो याच्या नोंदींसाठी झाला. पण रंगीत कॅमेऱ्यानं लांबट कक्षेमुळं अख्खा मंगळ एका चौकटीत टिपला. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिलं.

साडेचारशे कोटींत मंगळ गाठला याचं कौतुक फार झालं. त्या आकड्यात नवं रॉकेट विकसित करण्याचा खर्च नव्हता, कारण ते आधीच हाताशी होतं. ते हाताशी असावं म्हणून वालचंदनगरच्या वेल्डरनं आणि तपासनिसानं आधीची चाळीस वर्षं मोजली होती. मंगळयान स्वस्त पडलं हे खरं, पण त्याचा हिशेब १९७३ पासून मांडायला हवा.