लडाखला जायचे तर दम खात

आपल्याकडची सहल म्हणजे पन्नास सीटची बस. पहाटे बुद्धगया, दुपारी राजगीर, रात्री पुन्हा बस, सकाळी डोळे चोळत सारनाथ. आठ दिवसांत चार-पाच ठिकाणे, गॅसवरची खिचडी, पाय सुजलेले. परत आल्यावर आजीला विचारावे, काय काय पाहिले, तर आजी म्हणते, "लई पाहिलं बाई, पण ध्यानात काई नाही." यात दोष कोणाचाच नाही. वर्षभर पैसा साठवून निघालेल्या माणसाला वाटते की एका भाड्यात जितके होईल तितके पाहून घ्यावे. पण एक मुलूख असा आहे, की तिथे ही घाई चालत नाही. तिथे घाई केली तर माणूस दवाखान्यात जातो, आणि कधी कधी जिवावर बेततो.

हल्ली वर्तमानपत्रांत उत्तर ध्रुवाकडच्या सहलींच्या जाहिराती येतात. नॉर्वे, फिनलंड, आईसलँड. शरद ऋतूत तिकडची झाडे लाल-पिवळी होतात, रात्री मोठ्या होऊ लागतात आणि आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे हलतात. आठ-दहा माणसांचा गट, एकाच गावात चार-चार मुक्काम, घाई नाही. वाचायला फार छान वाटते. खर्च मात्र माणशी लाखांत. आपला तिकडचा संबंध म्हणाल तर भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. परभणीच्या हमालाला, आशाताईला, गिरणी-जिनिंगमधल्या कामगाराला ते दूरच.

पण त्याच जातीची थंडी, तोच कोरडा उजाड प्रदेश, तीच शरदातली पिवळी झाडे आपल्या देशात आहेत, आणि तेही बुद्धाचे नाव घेणाऱ्या माणसांच्या मुलखात. लेह काही ध्रुवाजवळ नाही, ते चौतीस अंश अक्षांशावर आहे. तिथली थंडी उंचीची आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजार मीटरवर. म्हणजे फक्त उंचीमुळेच वीस अंशांचा फरक. वर हिमालयाची भिंत पाऊस अडवते, त्यामुळे लेहला वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस. आपल्याकडे एखाद्या रात्रीत तेवढा पडून जातो.

थंडीवर स्वेटर घालता येतो, पण विरळ हवेवर काही घालता येत नाही. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तिसऱ्या हिश्श्याने कमी. दिल्लीहून विमानात बसले की सव्वा तासात तिथे उतरता येते, आणि तिथेच फसगत होते. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही तीन हजार मीटर वर! डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. दोन दिवस निजून काढले, पाणी भरपूर प्यायले, तर बहुतेकांचे हे थांबते. पण पहिल्याच दिवशी फिरायला निघाले तर छातीत पाणी होऊ शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे ही धोक्याची खूण. अशा वेळी प्राणवायू लावायचा, दवाखाना गाठायचा आणि लवकरात लवकर खाली उतरवायचे. "सकाळपर्यंत पाहू" असे म्हणू नये. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय हे सरकारी मोठे रुग्णालय आहे. गोळ्या मिळतात, पण त्या आधी डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्याने तर नक्कीच.

आणखी एक गोष्ट सहल कंपन्यांच्या पत्रकात सहसा नसते, म्हणून इथे ठळकपणे सांगतो. सिकलसेल. विदर्भात आणि लगतच्या मराठवाड्यात आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांत हा रक्तदोष पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याने इतक्या उंचीवर जाऊच नये. ज्याला आजार नाही, फक्त वाहक आहे, त्याला गावात कधी काही होत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पण उंचावर प्राणवायू कमी झाला की अशा माणसाच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन पाणथरीचा रक्तपुरवठा तुटल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. डाव्या बरगडीखाली एकाएकी जोराचे दुखणे ही त्याची खूण. तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी घरातल्या सगळ्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, त्यामुळे तपासणी पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. वाहक निघाला तर डॉक्टरशी बोलून ठरवावे. सहल गेली तरी चालेल, पण ही तपासणी करून घ्यावीच. मुलामुलींच्या लग्नाच्या वेळीही ती कामाला येते. गरोदर बाई, दम्याचा, हृदयाचा, जास्त रक्तदाबाचा माणूस यांनीही डॉक्टरच्या होकाराशिवाय तिकीट काढू नये.

आता जायचे कसे? विमान सोडा, जमिनीवरून जा. स्वस्तही पडते आणि शरीराला वेळही मिळतो. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस परभणीवरूनच जाते. तिने अंबाला छावणी गाठावी, तिथून जम्मूच्या गाड्या आहेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे धावते आहे, म्हणजे पूर्वीची घाटातली दिवसभराची बस टळली. श्रीनगर सोळाशे मीटरवर. तिथून लेह सव्वाचारशे किलोमीटरच्या थोडे वर. बरेच जण हे अंतर दोन दिवसांत उरकतात. आमचे म्हणणे, चार-पाच दिवस घ्या. मनालीकडूनही रस्ता आहे आणि तो फार सुंदर आहे असे सांगतात. पण त्यावर पाच हजार मीटरच्या वरची खिंड आहे आणि मधला मुक्कामही उंचावर पडतो. पोरासोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन तिकडून जाऊ नये.

श्रीनगरच्या वाटेवर सोनमर्गनंतर झोजी ला ओलांडली की हिरवा काश्मीर मागे राहतो आणि एकाएकी सगळे तपकिरी होते. द्रासला १९९९ च्या कारगिल युद्धाचे स्मारक आहे. आपल्या अनेक घरांतून कोणी ना कोणी फौजेत गेलेला असतो, त्या घरातल्या माणसाला इथून लवकर निघवत नाही. रात्र कारगिलला काढावी, उंची सत्तावीसशे मीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात मुलबेख येते. रस्त्याच्या अगदी कडेला एका उभ्या खडकात मैत्रेयाची नऊ-एक मीटर उंच मूर्ती कोरलेली आहे. त्यापुढे फोटू ला ही ४१०८ मीटरची खिंड, या वाटेवरची सर्वांत उंच. तिथे उतरून फोटो काढावा, पण पळापळ करू नये. मग लामायुरू, आणि मग सिंधूच्या काठाने आल्ची.

आल्चीला दोन मुक्काम करा, असा आमचा आग्रह आहे. एक तर ते लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे, तेव्हा शरीर सावरायला उत्तम. दुसरे कारण चित्रे. आपण मराठवाड्याची माणसे, अजिंठा आपल्या अंगणातला. अजिंठ्याची चित्रे पाचव्या शतकात थांबली. बुद्धाची चित्रे काढण्याची ती विद्या पुढे कुठे गेली, असा प्रश्न पडत असेल तर त्याचे एक उत्तर आल्चीत आहे. अकरा-बाराव्या शतकांच्या सुमारास काश्मिरी शैलीत शिकलेल्या कारागिरांनी इथल्या मातीच्या भिंती रंगवल्या. सुमत्सेग नावाच्या तीन मजली मंदिरात बोधिसत्त्वांच्या प्रचंड मूर्ती उभ्या आहेत आणि त्यांच्या धोतरांवर बारीक बारीक चित्रे काढलेली आहेत. घोडेस्वार, राजवाडे, बुद्धाचे चरित्र. आत अंधार असतो, फोटोला बंदी आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहावे लागते. घाईच्या सहलीला इथे वीस मिनिटे मिळतात, आणि वीस मिनिटांत काही दिसत नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर गेलात तर वाटेतल्या गावांत जवाची मळणी चाललेली दिसेल. सप्टेंबर सरता सरता सफेदा पिवळा पडू लागतो आणि ऑक्टोबरात सारे खोरे सोनेरी होते. मात्र रात्री पाणी गोठायला लागते. आपल्या दृष्टीने सप्टेंबरचा पहिला पंधरवडा ते मध्य हाच काळ बरा. निंदणी-खुरपणी आटोपलेली असते आणि सोयाबीनची काढणी अजून लागलेली नसते. काढणीचे दिवस मजुराला सोडता येत नाहीत, वर्षातली खरी कमाई तेव्हाच असते. वर्षावास चालू असल्याने विहारातले ग्रंथवाचन चुकेल अशी हळहळ वाटेल, तर ग्रंथ सोबत घ्यावा. मुक्कामात वेळच वेळ असतो.

खाण्याचे हाल होत नाहीत. भाजलेल्या जवाचे पीठ तिथे रोजचे, त्याला त्सांपा म्हणतात; आपल्या सातूचाच भाऊ. थुक्पा म्हणजे शेवयांचे गरम पातळ कालवण. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला नको वाटतो. भेटल्यावर, निघताना आणि आभार मानतानाही एकच शब्द, जुले. गावातल्या घरांत राहण्याची सोय अनेक ठिकाणी आहे, ती हॉटेलपेक्षा स्वस्त आणि घरासारखी.

लेहला पोचल्यावरही पहिला दिवस अंथरुणातच. नंतर शे, ठिकसे, हेमिस. ठिकसेच्या मठात दोन मजले व्यापणारी एकोणपन्नास फुटी मैत्रेयाची मूर्ती आहे. लेहच्या टेकडीवरचा शांती स्तूप जपानी भिक्षू ग्योम्यो नाकामुरा यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९९१ मध्ये दलाई लामांच्या हस्ते खुला झाला. पायऱ्या पाचशेच्या घरात आहेत. गाडीचा रस्ताही आहे आणि तोच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पँगाँग, नुब्रा, हानले यांचा मोह टाळावा. हानलेला वेधशाळा आहे, मे २०२४ मध्ये तिथल्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाची लाल झाक दिसली होती; पण मुक्काम चार हजार मीटरच्या वर.

आपल्या माणसाला तिथे एक अडचण वाटणार, ती आधीच सांगून ठेवलेली बरी. गोम्पात गेल्यावर बुद्धाशेजारी उग्र चेहऱ्यांच्या देवता दिसतात, फिरवायची प्रार्थनाचक्रे दिसतात, लामांच्या पुनर्जन्माच्या कथा कानावर येतात. बाबासाहेबांनी दिलेला धम्म यापेक्षा वेगळा. तिथे वाद घालायला आपण गेलेलो नसतो. पण डोळे मिटून "सगळे आपलेच" म्हणण्याचीही गरज नाही. लडाखमध्ये मोन, बेडा आणि गर्रा असे तीन समाज आहेत. मोन आणि बेडा वाजंत्री, गर्रा लोहार. लग्नाकार्यात ज्यांच्या वाद्याशिवाय पान हलत नाही, त्यांनाच पंगतीच्या शेवटी बसवायचे, त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, असा रिवाज तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आला. १९८९ मध्ये या तिघांचाही अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला. लडाखातल्याच शिकलेल्या लोकांनी या रिवाजाविरुद्ध बोलायला सुरुवात केलेली आहे. कोणाच्या घरी उतराल तर सहज विचारून पाहा. उत्तर देताना यजमान क्षणभर अडखळेल. हलगी वाजवणाऱ्यांच्या घरचा माणूस सोबत असेल तर त्याला हे जास्त समजावून सांगावे लागणार नाही.

निघण्यापूर्वी परिस्थितीची चौकशी करावी. लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ पासून केंद्रशासित आहे. राज्याचा दर्जा आणि संविधानाची सहावी अनुसूची या मागण्यांसाठी तिथे आंदोलन झाले, आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये त्याला हिंसक वळण लागून चार जणांचे प्राण गेले. असे काही चालू असेल तर सहल पुढे ढकलावी. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, तेव्हा गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असावे.

गट दहा माणसांपेक्षा मोठा करू नये. दहा जण एका लहान गाडीत मावतात आणि कोणाचे डोके दुखले तर बाकीचे थांबू शकतात. पन्नासांची बस एकासाठी थांबत नाही. पैशाचे म्हणाल तर बचत गटाची किंवा भिशीची रीत आपल्याला ठाऊक आहेच. माणशी महिना हजार, दोन वर्षे, म्हणजे चोवीस हजार. येताना ज्यांना जमेल त्यांनी लेहहून दिल्लीपर्यंत विमानाने यावे. उतरताना हवेचा त्रास होत नाही, आणि आईने आयुष्यात एकदा खिडकीतून हिमालय खाली पाहिलेला असेल. दिल्लीला पुन्हा सचखंड. पिशवीत लेहच्या बाजारातले सुके जर्दाळू. त्याच्या बिया टाकू नका, फोडल्या की आत बदामासारखा गर निघतो. फक्त गोड बियांचाच खावा, कडू निघाला तर थुंकून टाकावा.