अळीचे खत : आधी कुजवा, मगच सरीत टाका



वसईच्या केळी-उसाची नोंद १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आहे. तिथली रेताड जमीन काय, आपला मुरमाड माळ काय, सेंद्रिय अंशाशिवाय खत-पाणी धरत नाही. शेणखत पुरत नाही, म्हणून काळ्या सैनिक माशीच्या खताबद्दल बरेच जण विचारतात. या माशीच्या अळ्या ओला कचरा खाऊन जी लेंडी टाकतात, तेच हे खत.

पण ताजे टाकू नका. त्यातील अमोनिया व क्षारांनी बेण्याचे डोळे जळतात; हलक्या जमिनीत जास्तच. रोगजंतूंचेही भय आहे. युरोपात २०२१ च्या नियमानुसार हे खत विक्रीपूर्वी ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवावे लागते.

तेव्हा एवढे करा :

१) अळ्यांना काय खाऊ घातले ते विचारा. मिसळीचा शहरी कचरा असेल तर घेऊ नका. त्यातील जड धातू जमिनीतून निघत नाहीत.

२) पाचट-शेण मिसळून ढीग लावा. ओल राखा, वरखाली करा. ढीग थंड होऊन मातीचा वास येईपर्यंत थांबा.

३) कुंडीत मूग पेरून पाहा. नीट उगवला, तरच दोन-चार सऱ्यांत वापरा.

४) नाकाला फडके बांधा, नंतर हात धुवा.

बाकीची मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. डोळे एकदा जळले की नांग्या भरण्यातच हंगाम जातो.

— ऊस विकास अधिकारी