लग्न झालं, व्हिसाचं काय?

पवनानगरहून हिंजवडी फार लांब नाही. त्यामुळे आयटीत शिरलेला मावळातला मुलगा पुढे अमेरिकेला किंवा जर्मनीला गेला, तर आता कुणाला नवल वाटत नाही. ‘स्थळ फॉरेनचं आहे’ हेही कांदेपोह्यांच्या बैठकीत सहज ऐकू येतं. मुलगा दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, हळद लागते, वरात निघते आणि तो परत जातो. नवरी इथेच. मग भेटेल तो विचारतो, ‘‘काय गं, तू कधी जाणार?’’

याचं उत्तर तिच्या हातात नसतं. नवरा तिथे कोणत्या कागदावर राहतोय, यावर ते ठरतं.

‘अमेरिकेत आहे’ म्हणजे नेमकं काय?

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल, तर बायकोच्या व्हिसाला वार्षिक कोटा नाही. तरीही अर्ज, उत्पन्नाचा पुरावा, पोलिस क्लिअरन्स, मेडिकल आणि शेवटी मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, यात अनेकदा वर्षाहून जास्त वेळ जातो. तो ग्रीन कार्डवाला असेल, तर कोटा लागू होतो आणि रांग लागते. एच-१बी व्हिसावर असेल, तर बायकोला एच-४ मिळतो. तो त्यामानाने लवकर मिळतो, पण लगेच नोकरी करता येत नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल, तरच २०१५ पासून तिला कामाची परवानगी मागता येते. इंजिनीअर झालेल्या मुलीने हे लग्नाआधीच विचारायला हवं. मुलगी तिकडची आणि मुलगा इकडचा असला, तरी नियम तेच!

ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं, तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९ हजार पौंडांची कमाई दाखवावी लागते. आधी ही अट १८,६०० पौंडांची होती. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला साधारणपणे ए-१ पातळीची जर्मन यावी लागते.

पाचशे पाहुणे पुरेसे नाहीत

अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या, तरी वकिलातीला विवाह नोंदणीचा दाखलाच लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, हे सगळं नवरा इथे असतानाच उरका. आधार, पासपोर्ट आणि दाखल्यावरची नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दोघांचे एकत्र फोटो, मेसेज, विमानाची तिकिटं जपून ठेवा. लग्न खरं आहे का, हेच मुलाखतीत तपासतात.

तिकडे गेल्यावर

अमेरिकन नागरिकाशी झालेल्या लग्नाला प्रवेशाच्या वेळी दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच, सशर्त मिळतं. अटी काढायचा अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो. पण छळ झाला किंवा घटस्फोट झाला, तर तिला एकटीलाही तो करता येतो. ‘व्हिसा माझ्या हातात आहे’ असं धमकावलं जात असेल, तर हे माहीत असलेलं बरं. इथे सोडून दिलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून एनआरआय कक्ष आहे.

पत्रिका जुळवताना गुण बघतातच. त्याच बैठकीत पासपोर्ट आणि व्हिसाही बघायला मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.