नावडे फाट्याचा रस्ता : आधी आराखड्याचा पैसा मागा

भिवंडीहून न्हावा-शेवा बंदराकडे कापडाच्या गाठी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला मुंब्रा, शीळ फाटा, तळोजा, नावडे, कळंबोली ही नावे तोंडपाठ असतात. कंटेनर बंदराच्या आत जाण्याची वेळ ठरलेली असते. ती चुकली की बोट चुकली. काही वर्षांपूर्वी माझा एक ट्रक नावडे फाट्याच्या अलीकडे रात्रभर उभा राहिला. ड्रायव्हर फोनवर एवढेच म्हणाला, "सेठ, आगे कुछ हिलताच नही." पुढच्या बोटीपर्यंतचे भाडे मी भरले, आणि त्या सौद्यात जो काही नफा होता तो त्यातच गेला.

अशा वेळी आपण सरकारकडे पैसा नाही म्हणून मोकळे होतो. ते खरे नाही. १९ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराजवळच्या पागोटेपासून चौकपर्यंत सुमारे २९ किलोमीटरच्या सहापदरी रस्त्याला मंजुरी दिली. रक्कम ४,५०० कोटी रुपये. पुण्याकडे जाणाऱ्या मालाला त्याचा फायदा होईल, मात्र मुंब्र्याकडून येणारी गाडी नावड्यावरूनच जाणार. सांगायचा मुद्दा हा की, ज्या रस्त्याचे कागद तयार असतात त्याला पैसा मिळतो. नावड्यासारख्या ठिकाणचे कागद तयार नसतात, आणि ते तयार करायलाच पैसा लागतो.

सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे नुसता नकाशा नव्हे. दिवसरात्र गाड्यांची मोजणी, मातीची तपासणी, नाले आणि पुराची पातळी, जमिनीखालच्या पाण्याच्या, विजेच्या व गॅसच्या वाहिन्या, सातबारे, मोजणी, आणि मग खर्चाचा अंदाज. हे काम करणाऱ्या सल्लागार कंपनीला महापालिकेने आधी पैसे मोजायचे. पुढे प्रकल्प मंजूर होईलच याची कोणी हमी देत नाही. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. २९ गावे आणि नावडे, कळंबोली, खारघरसारख्या सिडको वसाहती तिच्यात आल्या. तिच्या मालमत्ता कराचा वाद तर घराघरात माहीत आहे. सिडकोला सेवाशुल्क भरले, आता मागील तारखेपासून कर का, हा लोकांचा सवाल. अशा तिजोरीतून न होणाऱ्या रस्त्याच्या अहवालावर कोणता अधिकारी खर्च करील?

म्हणून ही रक्कम केंद्राकडून मागितली पाहिजे. तसा रिवाज जुना आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. मोटारींमुळे रस्ते प्रांतांना झेपेनासे झाले आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजही डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे तो उपकर आपण भरतो. घटनेने मात्र राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीचे रस्ते राज्यांच्या यादीत ठेवले, आणि १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने शहरातील रस्ते व पूल हे महापालिकांच्या कामांत घातले. काम खाली आले, पण पैसा त्या मानाने आला नाही.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात अनुदानाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम आराखडे व अहवाल तयार करण्यासाठी धरली होती. ती तरतूद शहाणपणाची होती. २००७ साली केंद्राने १०० कोटींचा वेगळा प्रकल्प-विकास निधी काढला. त्याची नवी योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, तीन वर्षांसाठी १५० कोटी, एका प्रस्तावाला जास्तीत जास्त ५ कोटी. २०२५ च्या अर्थसंकल्पातही राज्यांनी तिचा लाभ घ्यावा असे सांगितले गेले. पण तिथे अट आहे. प्रकल्प खासगी भागीदारीचा पाहिजे, म्हणजे ज्यातून टोल किंवा अन्य वसुली निघते असा. फाट्यावरचा सेवारस्ता, पादचारी पूल, ट्रक उभे करायची जागा यांतून कसली वसुली निघणार? त्याच अर्थसंकल्पात शहरांसाठी १ लाख कोटींचा नागरी आव्हान निधी जाहीर झाला. त्यातही केंद्राचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत, आणि निम्मा पैसा तरी रोखे, कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा करायचा. मोठ्या महापालिका ते करतील. लहानांचे काय? अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने रस्तासुरक्षेसाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर ठेवले, आणि त्यात आराखड्याचे अनुदान बांधकामाच्या अनुदानापासून वेगळे काढले. शहराने २० टक्के घालायचे. टोल मिळेल की नाही, हे कोणी विचारत नाही.

नावड्यात आणखी एक गाठ आहे. महामार्ग एकाचा, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, वसाहतीचे रस्ते सिडकोने आखलेले आणि आता महापालिकेच्या अंगावर, शेजारून दिवा-पनवेल रेल्वेमार्ग. प्रत्येकजण आपापल्या हद्दीपुरते पाहतो आणि ट्रक हद्दीवरच अडकतो. सर्वांचा मिळून एक अहवाल व्हायचा तर खर्च कोण करणार, या प्रश्नावरच बैठक संपते. केंद्राचा पैसा आला तर निदान हे निमित्त उरणार नाही.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. रस्त्याची रेघ बांधकामाच्या वेळी आखत नाहीत, ती अहवालाच्या वेळीच आखली जाते. कोणाचा ओटा जाईल, कोणाचे दुकान मागे सरेल, हे तेव्हाच ठरते. नोटीस येते तेव्हा उशीर झालेला असतो. एका शहरात माझ्या ओळखीचा एक रफूगर वीस वर्षे एकाच गाळ्यात बसला होता. रुंदीकरणात मालकाला मोबदला मिळाला. रफूगराकडे भाडेपावती नव्हती, पाहणीत त्याचे नावच आले नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा त्याच्या बाजूचा होता. त्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारा भाडेकरू आणि कारागीरही येतो, आणि विस्थापित होणाऱ्या कारागिराला किंवा छोट्या व्यापाऱ्याला किमान २५,००० रुपये एकरकमी मदत लिहिलेली आहे. रक्कम फार नाही. पण तीही कागदावर नाव असेल तरच.

नावडे, तळोजा, पनवेल भागातील व्यापारी संघटनांनी महापालिकेकडे लेखी मागणी करावी. फाट्याच्या संयुक्त अहवालासाठी राज्यामार्फत केंद्राकडे प्रस्ताव जावा, आणि पाहणी करणाऱ्या सल्लागाराने दुकानदारांची व कारागिरांची यादी भाडेकरूंसह करावी, ही अट कामाच्या निविदेतच घातली जावी. नंतर घालता येत नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आमच्या बाजारातल्या गाळेधारकांना सहज विचारले, गुमास्ता परवाना आणि भाडेपावत्या कोणाकोणाकडे आहेत? परवाना बहुतेकांकडे निघाला. तीन वर्षांच्या सलग पावत्या निम्म्यांकडेही नव्हत्या. एकाने तर विचारले, "पावती मागितली तर मालक भाडे वाढवील, मग?"