सहा लाख बैलांची खानेसुमारी

1085 च्या नाताळात ग्लूस्टरला दरबार भरला आणि विल्यम राजाने अख्ख्या इंग्लंडची मोजदाद करायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी ती झालीसुद्धा. छापखाना नाही, टपाल नाही. घोडी, चर्मपत्र आणि पिसांच्या लेखण्या यांच्या जोरावर 13 हजारांहून जास्त गावं वहीवर चढली. हेच ‘डूम्सडे बुक’. त्याचा मोठा खंड तर जवळपास एकाच कारकुनाच्या हातचा आहे.

ईलीच्या मठात या चौकशीचे प्रश्न जपून राहिले. गावचा पाद्री, कारभारी आणि सहा कुळं यांनी शपथेवर सांगायचं: जमीन कुणाची, नांगर किती, कुळं किती, गुलाम किती, गिरण्या किती. शेवटचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही: आत्ता निघतं त्याहून जास्त यातून काढता येईल का?

नांगर भरले सुमारे 81 हजार. नांगरामागे आठ बैल धरले, तर साडेसहा लाख बैल! माणसं मात्र दोन लाख 69 हजारांच्या आसपास, कारण मोजले ते बहुतेक घरचे कर्ते पुरुष. बायकापोरं धरून इतिहासकार लोकसंख्या 15 ते 20 लाख मानतात. म्हणजे दर दोन-तीन माणसांमागे नांगराचा एक बैल. एवढे बैल देशात असूनही साध्या कुळाच्या दावणीला दोनच असायचे. मग चार घरांनी सावड करायची, तेव्हा कुठे एक नांगर जुंपला जायचा.

जमिनीचं वाटप पाहिलं की डोकं गरगरतं. उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा राजघराण्याकडे, चौथा चर्चकडे, आणि जवळपास निम्मा दोनशेहून कमी सरदारांकडे. दुसऱ्या टोकाला 28 हजार गुलाम, नोंदल्या गेलेल्या दर दहा माणसांतला एक. पश्चिमेकडच्या परगण्यांत तर जमीनदाराच्या एका नांगरामागे दोन गुलाम, हा हिशेब पानोपानी भेटतो. या माणसांची नावं लिहायची गरज कुणाला वाटली नाही, याचा मला आजही राग येतो.

कुळाच्या घरात काय उरत असेल? पुढच्या दोन शतकांतल्या जमीनदारांच्या हिशेबवह्या सांगतात, की एक पोतं गहू पेरला तर चांगल्या शेतातही चारेक पोती हाती यायची. त्यातलं एक पुन्हा बियाण्याला. दहावा हिस्सा चर्चला, म्हणजे आणखी चाळीस टक्के पोतं. उरली अडीच पोती आणि थोडं. तेही घरच्या जात्यावर दळायची अनेक ठिकाणी बंदी. धान्य जमीनदाराच्या पाणचक्कीवर न्यायचं आणि पिठातून दळणावळ मोजायची. 1086 च्या वहीत अशा चक्क्या आहेत सहा हजारांच्या घरात: दर 45 घरांमागे एक, आणि बहुतेकींपुढे त्यांचं वर्षाचं उत्पन्न लिहिलेलं.